इच्छुकांचे आबा

मांजरसुंब्याच्या चौफुलीवर बसून राहिलं, तर बीड जिल्ह्यातला कुठलाही पुढारी चुकवायचा म्हटलं तरी चुकत नाही. वर बीड, संभाजीनगर आणि पुढे धुळे. खाली चौसाळ्यावरून धाराशिव, सोलापूर. मावळतीला पाटोदा-जामखेड करत नगर. उगवतीला नेकनूर, केज, अंबाजोगाई करत लातूर. बीडकडून घाट चढून आलेल्याला इथे चहा लागतो, आणि घाट उतरायला निघालेल्याला तो उतरायच्या आधी लागतो. लग्नाला निघालेला, मयतीहून परतणारा, मुंबईहून तिकीट घेऊन आलेला आणि मुंबईहून तिकिटावाचून आलेला, सगळे इथेच पाय मोकळे करतात. तिकीट मिळालेला घाईत असतो, न मिळालेला दोन चहा घेतो. हे निरीक्षण माझं नाही, आबांचं आहे.

आबांचं आडनाव मी सांगणार नाही. सांगितलं की वाचणारा त्यावरून जात ठरवणार, जातीवरून मत ठरवणार आणि पान उलटून मोकळा होणार. बीड जिल्ह्यात ही सोय आधीच नको इतकी झाली आहे.

वय सत्तरीच्या पुढे. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी, खिशात चष्मा आणि चष्म्याच्या घरात मतदान ओळखपत्र. शेती मुलाच्या हाती गेली तेव्हापासून आबांची कचेरी चौफुलीवरच्या एका पत्र्याच्या हॉटेलात भरते. रस्त्याकडे तोंड असलेलं टोकाचं बाकडं त्यांचं. पेपर आधी ते वाचणार, मग तो गिऱ्हाइकांना मिळणार. हॉटेलवाल्याने एकदा नवीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, तर आबा तीन दिवस फिरकले नाहीत. शेवटी त्याने ते एक बाकडं परत आणून ठेवलं.

निवडणुकीची घोषणा दिल्लीत होते. आबांची निवडणूक त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी सुरू झालेली असते, कारण त्यांना उमेदवारात रस नाही, इच्छुकात आहे. उमेदवार म्हणजे पक्षाने ठरवून पाठवलेला माणूस, त्याच्यात आता बघायचं काय राहिलं? इच्छुक मात्र अजून कच्चा असतो. तो ओळखायचा फ्लेक्सवरून. ज्याचा वाढदिवस कालपर्यंत त्याच्या बायकोलाही आठवत नव्हता, त्याचा अभीष्टचिंतन सोहळा एकाएकी चारही रस्त्यांवर झळकतो. नावाआधी ‘भावी’ लागतं आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे फोटो मुंग्यांसारखे पसरतात. आबा वरचा मोठा फोटो बघतच नाहीत. चष्मा लावून खालचे बघतात.

“वरचा तर एकच हाय. खाली कोण कोण हायत ते बघ. ह्यातले निम्मे मागल्या खेपेला दुसऱ्याच्या फ्लेक्सवर व्हते. फोटोबी तोच, शर्टबी तोच.”

पुढची पायरी प्रत्यक्ष तपासणीची. नेकनूरच्या बाजारात बैल पारखावा तसं आबा इच्छुकाला पारखतात. गाडी थांबली की आधी कोणत्या बाजूचं दार उघडतं ते बघायचं. पुढच्या सीटवरून उतरला तर अजून माणसात आहे. मागच्या सीटवरून उतरला आणि दार दुसऱ्याने उघडलं, तर निवडून यायच्या आधीच आमदार झाला आहे. काच नुसती खाली करून हात हलवणाऱ्याची नोंदच होत नाही. मग पायातलं बघायचं. धुळीच्या रस्त्यावर पांढरेशुभ्र बूट घालून येणाऱ्याविषयी आबांना फार शंका. “ह्याला कुठंतरी लवकर जायचंय.”

चहाची परीक्षा सगळ्यात कडक. ग्लास हातात घेऊन फोटो काढून घेणारे पुष्कळ, पिणारे थोडे. एक घोट घेऊन ग्लास बाकड्यावर ठेवणारा आबांना चालतच नाही. “अर्धा चहा टाकणारा अर्धी टर्म पक्षात राहत न्हाई,” हा त्यांचा सिद्धान्त. मी यावर आक्षेप घेतला होता, की काहींना साखर असते. आबा म्हणाले, “मग बिनसाखरेचा मागावा. तोंड उघडायची लाज वाटत असंल, तर तिथं जाऊन काय उघडणार?”

आणि मग शेवटचा प्रश्न. आबा उभे राहतात, हात जोडतात आणि अत्यंत नम्रपणे विचारतात, “ओळखलं का साहेब?”

या प्रश्नाने भले भले गारद झालेले मी पाहिले आहेत. एक इच्छुक क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “आबा, तुम्हाला ओळखणार नाही तर कुणाला! तब्येत बरी आहे ना? पोरं काय करतात?” त्याने आबांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. ‘आबा’ ही हाकही त्याने हॉटेलवाल्याच्या तोंडून अर्ध्या मिनिटापूर्वीच उचललेली. तो गेल्यावर आबांनी निकाल दिला: “खोटं बोलला. पर थांबून बोलला न्हाई. चालंल.” दुसरा एक जरा वेळ बघत राहिला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, “नाही हो, माफ करा, नाही ओळखलं.” आबांनी त्याला बसवून घेतलं, स्वतःच्या पैशाने चहा पाजला, गाडीपर्यंत सोडायला गेले. परत येऊन म्हणाले, “सोन्यासारखा माणूस. पडणार.”

तिकिटाच्या यादीत त्याचं नाव आलंच नाही. म्हणजे पडायचीही संधी मिळाली नाही.

एवढी बारीक पारख करणारा माणूस शेवटी कुणाला तरी पास करत असेल, असं वाटतं. तसं नाही. जो शिकलेला आहे त्याला तहसीलदार फसवील. जो शिकलेला नाही तो तहसीलदाराला फसवील. पैसेवाला असेल तर तो पैसा आणला कुठून, आणि गरीब असेल तर त्याचं त्यालाच पुरेना, आपलं काय बघणार? तरुण असेल तर “अजून मिसरूड फुटंना”, म्हातारा असेल तर “आता घरी बसावं की”. गावचा असेल तर “ह्याच्या आज्याला मी ओळखतो”, आणि ते ओळखणं काही कौतुकाचं नसतं. बाहेरचा असेल तर प्रश्नच मिटला.

बाहेरच्याचं मी एकदा मुद्दाम काढलं. 1967 साली याच बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं. माणूस सांगली-साताऱ्याकडचा, पक्ष कम्युनिस्ट. आबा तेव्हा सतरा वर्षांचे, मतदानाचं वय एकवीस. मत देता आलं नाही याची हळहळ त्यांना अजून आहे, आणि ते अठरा करायला 1989 साल उजाडलं याबद्दल सरकारवर रागही. “ती गोष्ट येगळी,” ते म्हणाले. “पत्री सरकारवाला माणूस. त्याला कोण बाहेरचा म्हणणार?” मग 1977 ला गंगाधरअप्पा बुरांडे, तेही लाल बावट्याचे. मग केशरकाकू क्षीरसागर, पंजा. मग 1989 ला बबनराव ढाकणे, जनता दलाचं चक्र. 1996 ला रजनी पाटील, कमळ. जयसिंगराव गायकवाड कमळावर निवडून आले आणि 2004 ला तेच घड्याळावर निवडून आले. 2009 ला गोपीनाथ मुंडे. आबा ही यादी हरिपाठासारखी म्हणतात आणि शेवटी जरा ताठ बसतात. बीडने सगळं चाखून बघितलं आहे, एकाच ताटाला चिकटून राहिलेलं नाही, असा त्या ताठपणाचा अर्थ. यातल्या किती जणांना तुम्ही मत दिलं, हे विचारलं की मात्र ते रस्त्यावरची एसटी बघायला लागतात.

पक्षांचे गमजे त्यांनी सगळ्यांचे घेतले आहेत. नाही कुणालाच म्हणत नाहीत. ते सगळे घरी जातात आणि तिथे त्यांच्या घड्या घालून चुंबळ होते. घरच्या आजी पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन निघाल्या की त्या हंड्याखाली जितकं सर्वपक्षीय ऐक्य असतं, तितकं विधानभवनात मी पाहिलेलं नाही.

इच्छुकांना विचारायचा आबांचा दुसरा ठरलेला प्रश्न होता: “रेल्वे कवा?” नगर-बीड-परळी, 261 किलोमीटर. बीड जिल्ह्यात दोन-तीन पिढ्यांचे उमेदवार या एका रेल्वेवर निवडून आले आणि याच रेल्वेवर पडले. जाहीरनाम्यात ती दर वेळी धावायची. आबांच्या लग्नात कुणीतरी म्हटलं होतं म्हणे, की पोरं रेल्वेने शाळेत जातील. पोरं गेली, नातवंडं गेली, सगळी एसटीने आणि काळीपिवळीने. 2022 च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली तेव्हा आबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, “आष्टी म्हंजे बीड न्हाई.” आणि मग 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्टेशनातून खरोखरची रेल्वे अहिल्यानगरकडे निघाली.

सगळा जिल्हा आनंदात. आबा उदास. चाळीस वर्षं घासून धारदार केलेला प्रश्न एका शिट्टीत बोथट झाला. पुढचे काही दिवस हॉटेलात गाडी थांबली तरी ते उठत नव्हते. हॉटेलवाला काळजीत पडला. मग एका सकाळी पेपर खाली ठेवून त्यांनी जाहीर केलं, “परळी राहिलीच की अजून!” आणि तब्येत सुधारली.

आबांच्या पुतण्याचा मुलगा अमेरिकेत बोस्टनजवळ असतो. संगणकात आहे. रविवारी तो व्हिडिओ कॉल करतो तेव्हा आबा पीकपाणी विचारण्याच्या आधी तिकडचं राजकारण विचारतात. 2024 च्या जानेवारीत त्याने त्यांना प्रायमरी समजावून सांगितली. तिकडे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी लोकच मत देऊन ठरवतात. त्यासाठी इच्छुक वर्षभर आयोवा नि न्यू हॅम्पशरसारख्या लहान राज्यांत गावोगाव हिंडतात, जत्रेत जातात, हॉटेलात बसून कॉफी पितात, आणि लोक त्यांना तोंडावर प्रश्न विचारतात.

आबा विचारात पडले. आपण इतकी वर्षं जे करत आलो त्याला अमेरिकेत नाव आहे, कायदा आहे आणि मतपेटी आहे, हे त्यांना प्रथमच कळत होतं.

“म्हंजे तिकडं चौफुलीवरच ठरतंय की!”

पोराने आणखी एक गंमत सांगितली. न्यू हॅम्पशरमध्ये डिक्सव्हिल नॉच नावाची एक वस्ती आहे. तिथे मध्यरात्रीच मतदान होतं आणि लगेच मोजलं जातं. तिथे मतदार होते सहा, आणि सहाच्या सहा मतं निकी हेली बाईंना पडली, ट्रम्पना एकही नाही. “सहाच्या सहा?” आबांनी फोन कानाजवळ नेला. “एकबी फुटला न्हाई? मग ते गाव न्हाई रं, ते घर हाय.” नंतर सगळ्या राज्यात मात्र ट्रम्पच जिंकले, हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. सहाजणांवर निकाल लागला असता तर मोठी पंचाईत होती.

या सगळ्यात विनोद असा, की पोराला तिकडे मत नाही, कारण तो नोकरीच्या व्हिसावर आहे. इकडे त्याचं नाव गावच्या यादीत आहे, पण तो इकडे नाही. आबा म्हणतात, “दोन्ही लोकशाह्या नुसत्या बघतोय लेकरू.”

असला प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असं नाही. झाला, आणि थेट शेजारी झाला. 2014 च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत अशी अंतर्गत निवडणूक घेतली. महाराष्ट्रात त्यात लातूर होतं, वर्धा होतं. लातूरमधून दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्यातून सागर मेघे. मत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनाच होतं, आबांसारख्यांना नव्हतं. पुढे खऱ्या निवडणुकीत दोघेही दणकून पडले, लातूरला तर अडीच लाखांहून अधिक मतांनी. त्या वर्षी लाटच तशी होती, कुणीही उभा राहिला असता तरी वेगळं घडलं नसतं. पण पक्षाने धडा घेतला तो असा, की लोकांना विचारलं की पडतो. तेव्हापासून पुन्हा आपलं जुनंच: यादी रात्री उशिरा येते, एबी फॉर्म शेवटच्या तासाला येतो आणि ज्याला तो मिळत नाही त्याला दुपारपर्यंत स्वाभिमान सुचतो.

एका बाबतीत मात्र अमेरिका मांजरसुंब्यापर्यंत आली. सरपंच थेट जनतेतून. 2017 ला सुरू, 2020 ला बंद, 2022 ला पुन्हा सुरू. सरकार बदललं की गावाचा राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा तेही बदलतं. शिवाय 1995 किंवा त्यानंतर जन्मलेला असेल तर सरपंच सातवी पास पाहिजे. खासदाराला तसली अट नाही. आबांच्या मते हे बरोबरच आहे, सरपंचाला हिशेब लिहावा लागतो.

2024 च्या लोकसभेबद्दल मात्र आबा फार बोलत नाहीत, आणि मी पहिल्यांदा त्यांना गप्प बघितलं ते त्या उन्हाळ्यात. लढत मोठ्या नावांची होती. एकीकडे पंकजा मुंडे, दुसरीकडे 2019 ला दीड लाखाहून जास्त मतांनी पडून पुन्हा उभे राहिलेले बजरंग सोनवणे. पण त्या वर्षी चौफुलीवर उमेदवाराची पारख करायला कुणी बसलंच नाही. कोण गाडीतून कसा उतरला, चहा प्याला की नाही, काय बोलला, कुणाला पत्ता नव्हता. विचारायचे फक्त, कुणाचा? एरवी एका बाकड्यावर बसणारी माणसं दोन हॉटेलांत वाटली गेली. इकडचा तिकडे चहा पिईना. आबा आपल्या बाकड्यावर एकटे. दोन्हीकडून निरोप यायचे, इकडे बसा म्हणून. ते म्हणाले, “मी बाकडं बघून बसतो.” त्यांच्या सगळ्या वाक्यांत हे एक मला विनोदी वाटलेलं नाही.

13 मे ला ते मतदानाला गेले. बीडमध्ये उमेदवार एक्केचाळीस, म्हणजे मशीनं तीन. आबांनी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत यादी वाचायला घेतली. मतदान केंद्रावरचा माणूस म्हणाला, “आबा, उरका.” आबा म्हणाले, “एकेचाळीस जणांनी फॉर्म भरलाय, कुणीतरी वाचायला नको?” वाचता वाचता त्यांना दिसलं, की सोनवण्यांचा तुतारी वाजवणारा माणूस एकीकडे आहे आणि नुसतीच तुतारी दुसरीकडे आहे. त्या नुसत्या तुतारीला लोक पुढे पिपाणी म्हणाले. बीडमध्ये या पिपाणीच्या अपक्षाला 54,850 मतं पडली. आणि सोनवणे निवडून आले ते 6,553 मतांनी. 2014 च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघाने प्रीतम मुंडे यांना 6,96,321 मतांनी निवडून देऊन देशात विक्रम केला होता. आबांनी दोन्ही आकडे पेपराच्या कडेला पेनाने एकाखाली एक लिहिले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, “सुरुवात दोन्हीची सहानंच हाय.” राजकीय विश्लेषण म्हणून हे टीव्हीवर ऐकलेल्या पुष्कळ विश्लेषणांपेक्षा वाईट नव्हतं.

पण पिपाणीवर त्यांचा राग आहे. गंमत वाटायला हवी, तिथे त्यांना राग येतो. “पन्नास हजार माणसानं माणूस बघितला न्हाई, वाजंत्री बघितली. अन् मी हितं बूट बघत बसतो, चप्पल बघत बसतो.”

मला वाटतं, आबांचं दुखणं एवढंच आहे. पक्ष माणूस ठरवतो तेव्हा तो निवडून येईल का बघतो, कार्यकर्ता त्याची गाडी बघतो, मतदार आडनाव बघतो, नाहीतर चिन्ह. माणूस बघणारे आबा एकटेच, आणि त्यांच्या मार्कांना कुठेच किंमत नाही. तरी ते कडक पेपर तपासतात आणि सगळ्यांना नापास करतात. नापास केलेल्यांतल्याच एकाला शेवटी मतही देतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने याला लोकशाही म्हणावं की सवय, ते मी त्यांना विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर एसटी आली असती.

सध्या बीड जिल्हा परिषदेचे इच्छुक हिंडतायत. मुदत मार्च 2022 ला संपली, तेव्हापासून हिंडतायत. त्यांच्या फ्लेक्सवरचे रंग उन्हाने उडाले, काहींचे पक्ष दोनदा बदलले, एकाने तर ‘भावी’ या शब्दावर नवा कागद चिकटवून पुन्हा ‘भावी’च लिहिलं आहे. आबांच्या दृष्टीने हा सुगीचा काळ आहे. निवडणूक नाही, उमेदवार नाही, नुसते इच्छुक, आणि तेही रोज.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी इच्छुक असेल आणि मांजरसुंब्यावरून जाणार असेल, तर गाडी थांबवा. पुढच्या सीटवरून उतरा, दार स्वतः उघडा, चहा शेवटच्या घोटापर्यंत प्या. टोकाच्या बाकड्यावरून कुणी उठून “ओळखलं का” विचारलं, तर खरं काय ते सांगा. तिकीट मिळणार नाही, पण चहाचे पैसे वाचतील.